बुधवार ते सोमवार: म्युनिकच्या चौकापासून वान्झेच्या बंगल्यापर्यंत

नोकरीला किंवा शिकायला जर्मनीत आलेली मराठी मंडळी नाझी काळाच्या खुणा पाहायच्या म्हटलं की बहुतेक वेळा एकच करतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना एका सकाळी म्युनिकजवळच्या डाखाऊ छळछावणीला नेतात आणि संध्याकाळी घरी परततात. ते पाहायलाच हवं. पण छावणी हे त्या कारभाराचं शेवटचं टोक होतं. त्याआधी कचेऱ्या होत्या, कार्डांच्या पेट्या होत्या, सभेची मैदानं होती, रेल्वेची वेळापत्रकं होती. त्यांतल्या बऱ्याच जागा आजही भर शहरात, चालत्या रस्त्याला लागून आहेत. त्या आधी पाहिल्या तर डाखाऊचं फाटक वेगळं दिसतं.

पुढचा मार्ग बुधवारी सुरू होऊन सोमवारी संपतो, आणि हे वार मुद्दाम निवडलेले आहेत. म्युनिकचं दस्तऐवज केंद्र आणि वायमारजवळच्या बुखेनवाल्ड छावणीचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. न्युरेंबर्गच्या खटल्यांचं संग्रहालय मंगळवारी बंद असतं. बर्लिनच्या ज्यू स्मारकाखालचं माहिती दालनही सोमवारी उघडत नाही, मात्र वान्झेचा बंगला रोज उघडा असतो. वार चुकले की एखादं शहर हुकलंच.

सगळा प्रवास डॉइचलांड-टिकिटावर होतो. जानेवारी २०२६ पासून त्याचे महिन्याला ६३ युरो पडतात. लोकल, बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्या त्यात येतात. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. हे मासिक वर्गणीचं तिकीट आहे. फक्त एका महिन्यासाठी घेतलं असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसेही कापले जातात. या मार्गावरच्या स्मारकांना बहुतेक ठिकाणी प्रवेश फुकट आहे. न्युरेंबर्गला तिकीट लागतं.

बुधवार: म्युनिक

भुयारी रेल्वेने क्योनिग्सप्लाट्सला उतरायचं. ‘ब्राउनेस हाउस’ हे नाझी पक्षाचं मुख्यालय जिथे होतं, त्याच जागेवर २०१५ मध्ये एनएस-डॉक्युमेंटेशन सेंटरची, म्हणजे दस्तऐवज केंद्राची, पांढरी, ठोकळ्यासारखी इमारत उभी राहिली. आत गेल्यावर लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर जावं आणि एकेक मजला उतरत यावं, कारण मांडणी कालक्रमाने वरून खाली आहे. तळापासून सुरुवात केली तर युद्धानंतरचा काळ आधी समोर येतो आणि सूत्र लागत नाही. वाचायचं भरपूर आहे, तीन तास हाताशी ठेवा.

बाहेर पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झुडपं माजलेले दोन चौथरे दिसतात. १९२३ च्या फसलेल्या उठावात मेलेल्या १६ नाझींसाठी १९३५ मध्ये बांधलेल्या ‘मानमंदिरां’चा हा पाया. वरचं बांधकाम अमेरिकन सैन्याने १९४७ मध्ये सुरुंगाने उडवलं. शेजारी ‘फ्युररबाउ’ आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडणारा म्युनिक करार इथे झाला. आता तिथे संगीत महाविद्यालय आहे. चौकाच्या दुसऱ्या अंगाला तिची जुळी इमारत आहे, तिच्याकडे बहुतेक पर्यटक पाहतही नाहीत. तिथे पक्षाच्या सभासदांची कार्डं ठेवलेली असत. १९४५ मध्ये ही कार्डं लगदा करण्यासाठी कागद गिरणीत धाडली गेली होती. गिरणीच्या मालकाने ती राखून ठेवली, म्हणून सुमारे एक कोटी नावं आज जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारात शाबूत आहेत. युद्धानंतर ‘मी पक्षात नव्हतोच’ म्हणणाऱ्या अनेकांना याच कार्डांनी खोटं पाडलं. या सबंध चौकात इतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत ओडेऑन्सप्लाट्सला जाता येतं. ९ नोव्हेंबर १९२३ चा उठाव पोलिसांच्या गोळीबारात संपला तो इथे, फेल्डहेर्नहालेसमोर. त्यात चार पोलीसही मारले गेले. सत्ता मिळाल्यावर नाझींनी या वास्तूच्या बाजूला स्मृतिफलक लावला, पहारा बसवला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात उंचावून सलामी देणं भाग पाडलं. ज्यांना ती द्यायची नव्हती ते मागच्या विस्कार्डिगासे या बोळातून निघून जात. बोळाच्या फरसबंदीत १९९५ मध्ये बसवलेली पितळी रंगाच्या दगडांची नागमोडी रेघ ही त्यांची आठवण. खाली पाहत चाललात तरच ती दिसते.

पुढचंच स्टेशन विद्यापीठाचं. मुख्य दारासमोरच्या फरशीत पत्रकं विखुरल्यासारखी जडवलेली आहेत. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स आणि सोफी शोल या भावंडांनी नाझीविरोधी विद्यार्थ्यांच्या ‘व्हाइट रोझ’ गटाची पत्रकं याच इमारतीत टाकली. शिपायाने त्यांना पकडून दिलं आणि २२ तारखेला, ख्रिस्टोफ प्रोब्स्टसह, दोघांचा शिरच्छेद झाला. आतल्या चौकाला लागून त्यांचं छोटं संग्रहालय आहे. ते सुट्टीच्या दिवशी बंद असू शकतं, इथे बुधवार कामी येतो.

जर्मनीतल्या इतर गावांत घरांसमोर दिसणारे, नाझींच्या बळींची नावं कोरलेले पितळी ‘अडखळण-दगड’ म्युनिकच्या सार्वजनिक रस्त्यांवर दिसणार नाहीत. मृतांच्या नावावर लोकांचे पाय पडतात, असा आक्षेप इथल्या ज्यू समाजातूनच आला आणि पालिकेने परवानगी नाकारली. त्याऐवजी २०१८ पासून भिंतींवर आणि खांबांवर सोनेरी पट्ट्या लावल्या जातात. या वादात दोन्ही बाजूंचं म्हणणं मनापासूनचं आहे. आमचा कौल दगडांना, कारण ते वाचायला मान खाली घालावी लागते.

गुरुवार: डाखाऊ

मोठं सामान स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून एस-२ पकडा. गाडी पेटर्सहाउझेन किंवा आल्टोम्युन्स्टरच्या दिशेची हवी. साधारण पंचवीस मिनिटांत डाखाऊ येतं आणि बाहेरून ७२६ नंबरची बस थेट स्मारकापर्यंत नेते. दहाच्या सुमारास शाळांच्या सहली येऊन बस भरून जाते, म्हणून उघडण्याच्या वेळेला, नऊ वाजता, पोहोचणं बरं. पायी यायचं तर स्टेशनपासून सुमारे तीन किलोमीटरची फलक लावलेली वाट आहे.

ही पहिल्या छळछावण्यांपैकी एक, आणि पुढच्या साऱ्यांचा नमुना. २२ मार्च १९३३ रोजी, म्हणजे हिटलर चॅन्सेलर होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ती सुरू झाली. २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने ती मुक्त केली. या बारा वर्षांत दोन लाखांहून अधिक कैदी इथे आणि इथल्या उपछावण्यांत आले. किमान ४१,५०० मेले. सुरुवातीचे कैदी कम्युनिस्ट, समाजवादी, कामगार पुढारी असे राजकीय विरोधक होते. ज्यूंना मोठ्या संख्येने आणलं ते नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी दंगलींनंतर. हा क्रम नीट ध्यानात घ्यावा. विरोधकांना आधी संपवलं, त्यामुळे पुढे आवाज उठवणारं कुणी उरलं नाही.

‘आर्बाइट माख्ट फ्राय’, म्हणजे ‘काम मुक्त करतं’, असं लिहिलेलं फाटक नोव्हेंबर २०१४ मध्ये चोरीला गेलं आणि दोन वर्षांनी नॉर्वेत सापडलं. मूळ फाटक आता संग्रहालयात आहे, दारात लावलेली प्रतिकृती आहे.

आत फिरताना क्रम महत्त्वाचा. फाटक, हजेरीचं मैदान, मग लगेच मुख्य प्रदर्शन. प्रदर्शन शेवटी ठेवलं तर पाय दुखत असतात आणि कागद वाचवत नाहीत. त्याला दीड ते दोन तास द्या. त्यामागे बंकर, म्हणजे तुरुंगाची लांबलचक इमारत आहे. तिथे गर्दी कमी असते. त्यानंतर बराकी. ३४ पैकी उभ्या आहेत दोनच, त्याही नव्याने बांधलेल्या. बाकीच्यांचे फक्त आखीव चौथरे पॉपलरच्या झाडांच्या दोन्ही बाजूंना आहेत. शेवटी, आवाराच्या बाहेरच्या कोपऱ्यात, दाहभट्ट्या. बरेच जण इथे बंद होण्याच्या वेळेला धावतपळत पोहोचतात. तसं होऊ नये म्हणून एकूण पाच तास धरून चाला. इथलं गॅस चेंबर सामूहिक हत्येसाठी वापरलं गेलं नाही, असं तिथला फलकच सांगतो. ही माहिती नेमकी ठेवावी, कारण नरसंहार नाकारणारे अशाच ढिसाळ विधानांचा आधार घेतात.

दाहभट्टीच्या इमारतीत चार स्त्रियांच्या नावांची पाटी आहे. त्यांतलं एक नाव नूर इनायत खान. बडोद्याचे सूफी गायक इनायत खाँ यांची ही मुलगी, टिपू सुलतानाच्या वंशातली. ब्रिटिश गुप्तचर विभागाची बिनतारी संदेशवाहक म्हणून ती व्यापलेल्या पॅरिसमध्ये काम करत होती. तिला आणि तिच्या तीन सहकारी स्त्रियांना १३ सप्टेंबर १९४४ रोजी इथे गोळ्या घातल्या. भारतातून आलेल्या पाहुण्यांना ही पाटी आवर्जून दाखवा. भिंतीवर ती सहज नजरेतून सुटते.

बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना इथे आणू नये. मैदान खडीचं आहे, सावली जवळपास नाही. खाण्याची सोय प्रवेशद्वाराबाहेरच्या अभ्यागत केंद्रात आहे. आत डबा उघडू नका. संध्याकाळी सामान घेऊन न्युरेंबर्गची प्रादेशिक गाडी पकडायची. इंगोल्श्टाटमार्गे जाणारी पावणेदोन तासांत पोहोचवते.

शुक्रवार: न्युरेंबर्ग

सकाळी पक्षमेळाव्यांचं मैदान, दुपारी न्यायालय. उलटं केलं तर ओघ तुटतो.

मुख्य स्टेशनावरून ट्रामने ‘डोकू-झेंट्रुम’ थांब्यावर उतरल्यावर समोर काँग्रेस हॉल, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनांचं सभागृह, येतो. पन्नास हजार माणसांसाठी आखलेला हा अर्धवट सांगाडा रोमच्या कलोसियमच्या धर्तीचा आहे. ग्रॅनाइट फक्त दर्शनी अंगाला. मागे सगळी वीट. २००१ मध्ये एका कोपऱ्यात पोलाद-काचेचा तिरका बाण आरपार घुसवून दस्तऐवज केंद्र उभारलं. काटकोनांच्या त्या वास्तूला वास्तुविशारद ग्युन्टर डोमेनिग यांनी दिलेलं ते उत्तर होतं. २०२१ पासून तिथे नूतनीकरण चालू असल्याने काय उघडं आहे ते निघण्यापूर्वी बघून घ्या. आतल्या अंगणात ऑपेराच्या तात्पुरत्या नाट्यगृहाचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे तिथल्या वाटाही बदलतात.

मग तळ्याला वळसा घालून पायी झेपेलिन मैदानाकडे निघा. वाटेत ‘ग्रोस श्ट्रासे’ लागतो. ६० मीटर रुंद असा हा रस्ता दोन किलोमीटरचा व्हायचा होता, झाला दीड. ग्रॅनाइटच्या फरशा कवायतीच्या पावलांच्या मापाने कापलेल्या आहेत, आणि रस्त्याचा रोख जुन्या शहरातल्या सम्राटांच्या किल्ल्याकडे आहे. संचलन इथे कधी झालंच नाही. युद्धानंतर अमेरिकनांनी धावपट्टी केली, आता जत्रेच्या वेळी मोटारी लागतात. हा दगड येतो कुठून, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. फ्लॉसेनब्युर्गची छळछावणी १९३८ मध्ये ग्रॅनाइटच्या खाणीला लागून उभारली, कारण राजवटीच्या बांधकामांना दगड हवा होता आणि कैद्यांची मजुरी फुकट होती.

झेपेलिन मैदानावरचा ३६० मीटर लांबीचा सज्जा हिटलरचा वास्तुविशारद आल्बर्ट श्पेअर याचा. १९३३ ते १९३८ दरवर्षी इथे मेळावे भरले आणि रात्री सुमारे दीडशे शोधदिव्यांचे झोत सरळ आकाशात सोडले जात. वरचं स्वस्तिकचिन्ह अमेरिकन सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये उडवलं. खांबांच्या रांगा पालिकेने १९६७ मध्ये धोकादायक म्हणून पाडल्या. घाईत बांधलेल्या वास्तूत पाणी मुरतं, गोठतं आणि दगड फुटतो. पालिका कोट्यवधी युरो खर्चून ती जपते, पण पूर्वीचं वैभव परत आणायचं नाही असं तिने ठरवलेलं आहे: पडझड थांबवायची, सजवायचं नाही. आम्हाला हा निर्णय पटतो. पायऱ्या चढून वरून मैदान पाहिलं की माणूस इथे किती लहान दिसावा याचा हिशेब कळतो.

मधोमध व्यासपीठ आहे आणि गडबड तिथेच होते. गमतीने हात उंचावून फोटो काढणं हा जर्मनीत गुन्हा आहे; तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. २०१७ मध्ये बर्लिनच्या संसदेसमोर असा फोटो काढणाऱ्या दोन चिनी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. गळ्यातलं स्वस्तिकाचं पदक, गाडीच्या किल्लीचा जुडगा, ओढणीवरची नक्षी असल्या वस्तूही या प्रवासात घरीच ठेवा. आपल्या मनात पूजेचा भाव असला, तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाची आजी कदाचित बुखेनवाल्डला गेलेली असते.

जूनमधल्या संगीत महोत्सवात आणि उन्हाळ्यातल्या मोटार शर्यतीच्या आठवड्यात मैदानाला कुंपण पडतं. ते दिवस टाळा. जवळच्या झिल्बरझे तळ्यात कुणी उतरू नये. चार लाख प्रेक्षकांच्या नियोजित स्टेडियमचा हा खड्डा. युद्धानंतर तिथे टाकलेल्या कचऱ्यामुळे पाणी विषारी झालेलं आहे.

दुपारी यू-१ ने बेरेनशान्झे. ‘६०० नंबरचं न्यायदालन’ याच इमारतीत. २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत इथे प्रमुख नाझी नेत्यांवरचा खटला चालला. आरोपींच्या पिंजऱ्यात २१ जण होते. हिटलरचा सचिव बोरमान सापडला नव्हता, त्याच्यावर गैरहजेरीत खटला चालवला. १२ जणांना मृत्युदंड झाला, तिघे सुटले. दालन आज पाहताना एक लक्षात ठेवा: न्यायाधीशांची बैठक तेव्हा खिडक्यांच्या बाजूला होती, म्हणून जुने फोटो आजच्या मांडणीशी जुळत नाहीत. वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन आधी पाहून मग दालनात बसावं. फिर्यादी पक्षाची भिस्त साक्षीदारांपेक्षा नाझींच्या स्वतःच्या फायलींवर होती. ज्यांनी सगळं नोंदवून ठेवलं, त्यांच्याच नोंदी त्यांच्यावर उलटल्या. म्युनिकच्या कार्डांचा धागा इथे येऊन पोहोचतो.

संध्याकाळी वायमार. प्रादेशिक गाड्या बदलत चारेक तास लागतात, शेवटची जोडगाडी आधीच पाहून ठेवा.

शनिवार: बुखेनवाल्ड

वायमार स्टेशनवरून ६ नंबरची बस. पाटीवर ‘बुखेनवाल्ड’ आहे ना, ते पाहूनच चढा. शनिवारी फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ उतरतानाच टिपून घ्या. एटर्सबर्गच्या माथ्यावर वारा बोचरा असतो. शहरात ऊन असलं तरी जाकीट न्या.

जुलै १९३७ ते एप्रिल १९४५ या काळात सुमारे २,८०,००० कैदी, ५६,००० मृत्यू. फाटकावरची ‘येडम दास झाइन’, म्हणजे ‘ज्याचं त्याला’, ही अक्षरं बाहेरून उलटी दिसतात. ती आत उभ्या असलेल्या कैद्यांनी रोज वाचावीत म्हणून बसवली होती. अक्षरांची घडण करणारा फ्रान्झ एर्लिश हा बाउहाउस या आधुनिक कला-वास्तुशिल्प शाळेचा विद्यार्थी, तेव्हा इथलाच कैदी. नाझींना न रुचणाऱ्या बाउहाउसच्या वळणाची अक्षरं त्याने त्यांच्याच फाटकात बसवली. फाटकावरचं घड्याळ सव्वातीनला थांबवलेलं आहे. ११ एप्रिल १९४५ च्या सुटकेची ती वेळ.

हजेरीच्या मैदानात जमिनीलगत एक धातूची पाटी आहे, तिच्यावर तळहात ठेवा. ती बाराही महिने ३७ अंश सेल्सियसला, म्हणजे माणसाच्या अंगाच्या ऊबेवर, ठेवलेली असते. बर्फात तिच्याभोवती सुकी जागा दिसते.

१९४५ ते १९५० दरम्यान सोव्हिएत प्रशासनाने हीच छावणी कैदेसाठी वापरली आणि त्यातही सात हजारांहून अधिक माणसं मेली. त्याचं प्रदर्शन मागच्या बाजूला वेगळ्या इमारतीत आहे. ते पाहावं, पण मुख्य प्रदर्शनानंतर. संध्याकाळी बर्लिनकडे, पुन्हा चारेक तास.

रविवार: बर्लिन

दुकानं बंद असतात. पाणी आणि खाऊ मोठ्या स्टेशनांतल्या दुकानांत मिळतो.

सकाळी आधी ज्यू स्मारक. पीटर आयझेनमन यांचे २,७११ काँक्रीटचे ठोकळे सगळे पाहतात, खालच्या दालनात मात्र थोडेच उतरतात. सुरक्षा तपासणीची रांग वाढण्याआधी दहाला पोहोचा. ठोकळ्यांवर चढून फोटो काढू नका. तिथून टियरगार्टनश्ट्रासे ४ चालत गाठता येतं. याच पत्त्यावरच्या कचेरीतून अपंग आणि मनोरुग्णांची हत्या चालवली गेली. १९४० आणि १९४१ मध्ये सत्तर हजारांहून अधिक. मूळ बंगला राहिलेला नाही; २०१४ पासून तिथे निळ्या काचेची २४ मीटर लांब भिंत आहे.

दुपारी ‘टोपोग्राफी डेस टेरर्स’: गेस्टापो (गुप्त पोलीस) आणि एसएस (छावण्या चालवणारं नाझी दल) यांच्या मुख्यालयांची जागा. उरलेल्या तळघराच्या भिंती बाहेर दिसतात. अंधार पडल्यावर बेबेलप्लाट्स. १० मे १९३३ ला पुस्तकं जाळली त्या जागी, जमिनीखाली, वीस हजार पुस्तकं मावतील अशी रिकामी कपाटं आहेत. दिवसा वरच्या काचेत आपलंच प्रतिबिंब दिसतं, आत नीट दिसत नाही.

सोमवार: वान्झे, ग्रुनेवाल्ड, डालेम

एस-बानने वान्झे, तिथून ११४ नंबरची बस. तळ्याकाठच्या या बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी पंधरा अधिकारी सुमारे दीड तास बसले. निम्म्याहून अधिक जण डॉक्टरेट मिळवलेले. ज्यूंच्या हत्येचा निर्णय इथे झाला असा समज आहे, तो चूक. हत्याकांड पूर्वेकडे आधीच चालू झालं होतं, लाखोंचा बळी गेला होता. इथे सगळ्या खात्यांनी मिळून पुढचं काम वाटून घेतलं. इतिवृत्त पंधरा पानांचं आहे. सहाव्या पानावरचा तक्ता सावकाश वाचा: युरोपातला देशवार आकडा, एकूण १ कोटी १० लाख. इंग्लंडचे ३,३०,००० आणि अल्बानियाचे २००, जिंकलेले न जिंकलेले सगळे त्यात. एस्टोनियापुढे आकडा नाही, ‘ज्यूमुक्त’ अशी नोंद आहे.

परतताना ग्रुनेवाल्डला उतरून ‘ग्लाइस १७’ची, म्हणजे १७ नंबरच्या फलाटाची, पाटी धरून चाला. बर्लिनच्या ज्यूंची पहिली गाडी १८ ऑक्टोबर १९४१ ला निघाली. फलाटाच्या कडेला १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठे. रेल्वेने या प्रवासाचं तिसऱ्या वर्गाचं एकेरी भाडं आकारलं, मुलांचं अर्धं. एक बाजू चालत जाऊन दुसऱ्या बाजूने परत या. सुरुवातीच्या हजाराच्या आकड्यांपासून शेवटच्या दहा-वीसांपर्यंतचा उतार तेव्हाच कळतो.

मग यू-३ चं ‘फ्राये युनिव्हर्सिटेट’ स्टेशन आणि ईनेश्ट्रासे २२. मराठी वाचकाने ही इमारत चुकवू नये. आज इथे राज्यशास्त्र शिकवतात. १९२७ मध्ये इथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था सुरू झाली, संचालक ऑयगेन फिशर. पुण्याच्या इरावती कर्वे यांनी त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली. विषय होता माणसाच्या कवटीची असममिती. कवटीच्या ठेवणीचा वंशाशी संबंध लागावा अशी अपेक्षा असलेल्या संस्थेत, तसा संबंध दिसत नाही असा निष्कर्ष या पंचविशीतल्या मुलीने मोजमापांनिशी मांडला. पुढे हीच संस्था नाझींच्या वंशधोरणाला ‘शास्त्रीय’ आधार देत राहिली, आणि युद्धकाळात छावणीचा डॉक्टर मेंगेले याने आउशविट्झहून मृतांचे अवयव आणि रक्ताचे नमुने इथे पाठवले. दाराशी १९८८ पासून पाटी आहे. २०१४ मध्ये जवळच्या बांधकामात मानवी हाडं सापडली. पुढच्या उत्खननातले मिळून सुमारे १६,००० तुकडे मार्च २०२३ मध्ये डालेमच्या दफनभूमीत पुरण्यात आले. विद्यापीठाची इमारत असल्याने आत जायचं तर कामाचा दिवस हवा, म्हणूनच ही भेट सोमवारी ठेवली.

मंगळवारही मोकळा असेल तर आरई-५ ने तासाभरावरच्या फ्युर्स्टेनबर्गला जाऊन राव्हेन्सब्रुकची स्त्रियांची छावणी पाहता येते. स्टेशनपासून अर्ध्या-पाऊण तासाची पायपीट आहे. तिथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे ती या क्रमात शेवटीच बसते.